कंत्राटदाराचा क्रमांक आणि मजुराची मजुरी

सार्वजनिक पैशातून कामाचे बिल उचलावयाचे, पण आपला पॅन क्रमांक मात्र द्यावयाचा नाही, ही अनेक कंत्राटदारांची रीत आहे. वरवर पाहता हा हिशेबनिसाच्या टेबलावरील किरकोळ तंटा वाटतो. वस्तुतः करबुडवेगिरी आणि मजुरीची चोरी या दोहोंची वाट येथूनच सुरू होते.

आयकर कायद्याचा याबाबतचा नियम स्पष्ट आहे. कंत्राटाचे एक बिल ३०,००० रुपयांहून अधिक किंवा वर्षाची बेरीज एक लाखाहून अधिक झाल्यास पैसे देणाऱ्याने उगमस्थानी करकपात केली पाहिजे. कंत्राटदार व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी वा भागीदारी संस्था असेल तर २ टक्के. क्रमांक न देणाऱ्याची मात्र २० टक्के कपात करावी, असे १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या कलमाने ठरविले. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यातही हे तत्त्व कायम आहे.

कुंभकोणमजवळील तिरुनीलक्कुडी हे कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीचे गाव. अशा गावच्या पंचायतीने गटाराचे दोन लाखांचे काम एखाद्या कंत्राटदाराला दिले असे समजू. क्रमांक दिल्यास कपात २,००० रुपये. न दिल्यास ४०,००० रुपये. कपात केली नाही तर कसूरदार ठरते ती पंचायत, आणि न कापलेल्या रकमेवर दरमहा १ टक्का व्याजही तिच्याच माथी बसते. म्हणून क्रमांक मागावयाचा तो लेखी आणि बिल देण्यापूर्वी. आगाऊ रकमेवरही कपात करावयाची. रक्कम मुदतीत सरकारजमा करावयाची. आणि तिमाही विवरणपत्रात त्या कंत्राटदाराचे नाव, पत्ता व रक्कम दाखवून क्रमांक उपलब्ध नसल्याची नोंद करावयाची. क्रमांक नाही म्हणून नोंदच गाळणे किंवा दुसऱ्याचा क्रमांक घालणे हा गुन्ह्यात सामील होण्याचा प्रकार होय. त्याचबरोबर उरलेले बिल अडवून ठेवण्याचा अधिकारही यातून मिळत नाही. कायदा कपात सांगतो, अडवणूक नव्हे.

हा नियम गरिबांवर अन्याय करतो, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. दोन मजूर हाताशी घेऊन काम करणारा गवंडी अनेकदा अडाणीपणामुळे क्रमांकाविना राहतो, हे खरे आहे. त्याला दंडासारखी कपात सोसावी लागू नये. परंतु आधारच्या साह्याने ई-पॅन विनाशुल्क मिळतो. तो काढून देण्यास मदत करणे हा त्यावरील उपाय आहे, नोंद चुकविणे नव्हे. जाणूनबुजून क्रमांक दडविणारा मुकादम मात्र निराळा. त्याचे ४०,००० रुपये गेले की तो ती तूट स्वतःच्या नफ्यातून नव्हे, मजुरांच्या हजेरीतून भरून काढू पाहतो.

आणि येथेच व्यवस्थेचे वर्गीय रूप उघडे पडते. करासाठी ३०,००० रुपयांवरील बिलापासून पैसे देणाऱ्याला जबाबदार धरले जाते. कंत्राटदाराने मजुरी बुडविल्यास ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. पण तो २० मजुरांपासून लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितेने ही मर्यादा ५० वर नेली. म्हणजे दहा मजुरांनी गटार खणले, तर त्यांच्या कंत्राटदाराच्या करावर शासनाची नजर आहे. त्यांच्या मजुरीला मात्र त्या कलमाचे संरक्षण नाही. ज्या तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणीत मजुरीच्या लढ्यापायी १९६८ साली ४४ दलित शेतमजूर व त्यांची बायकामुले जाळली गेली, त्या भूमीला या तफावतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पंचायतींत निवडून गेलेल्या आणि कामगार संघटनांत काम करणाऱ्या सभासदांनी म्हणूनच दोन गोष्टी एकत्र मागाव्यात. कंत्राटाच्या अटींतच पॅन क्रमांक बंधनकारक असावा. आणि अखेरचे बिल देण्यापूर्वी मजुरांच्या सह्यांचे हजेरी व मजुरीपत्रक पंचायतीत दाखल व्हावे. कराची नोंद जेवढ्या काटेकोरपणे ठेवली जाते, तेवढीच घामाचीही ठेवली गेली पाहिजे.