विस्तारलेली ग्रंथालये आणि ग्रंथपालाची कसोटी

चेन्नई : भारतातील विद्यापीठीय ग्रंथालयांच्या कामाचे स्वरूप गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले आहे. पुस्तके खरेदी करणे, त्यांची नोंद ठेवणे आणि ती वाचकांना देणे एवढ्यापुरते हे काम आता सीमित राहिलेले नाही. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेने या बदलाला निर्णायक वळण दिले आहे. मात्र सेवांचा हा विस्तार पेलू शकणारे प्रशिक्षित मनुष्यबळ ग्रंथालयांना मिळणार का, यावरच त्याचे यश अवलंबून आहे. भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया सुमारे शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरात घातला गेला, त्या चेन्नईचा अनुभव या संदर्भात उद्बोधक ठरतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या या योजनेसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६ हजार कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. ३० प्रकाशकांच्या सुमारे १३ हजार संशोधनपत्रिका ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना एकाच वर्गणीतून उपलब्ध झाल्या. सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक व संशोधकांना त्याचा लाभ अपेक्षित आहे. योजनेची अंमलबजावणी गांधीनगर येथील ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राकडे आहे. महागड्या पत्रिकांची वर्गणी ज्यांना कधीच परवडली नसती, अशा जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयांनाही आता आयआयटी मद्राससारख्या अग्रगण्य संस्थेच्या पंक्तीत बसता येईल, ही या योजनेची मोठी जमेची बाजू आहे.

या बदलाला दुसरी बाजूही आहे. कोणत्या पत्रिका घ्यायच्या, प्रकाशकाशी दराची बोलणी कशी करायची, अंदाजपत्रकात ते कसे बसवायचे, हे आजवर ग्रंथालयांचे महत्त्वाचे काम होते. त्याचा मोठा भाग आता केंद्रीय पातळीवर गेला. परिणामी, उपलब्ध झालेले ज्ञान वाचकापर्यंत पोहोचवणे, हेच ग्रंथपालाचे मुख्य काम उरते. दार उघडे असणे आणि आत हवे ते सापडणे, यांत बरेच अंतर असते. ते अंतर तंत्रज्ञानाने कमी होत असले, तरी नवख्या विद्यार्थ्याला वाट दाखवणारा माणूस लागतोच.

मद्रास विद्यापीठात हाच विचार १९२० च्या दशकात मांडला गेला होता. गणिताचे अध्यापक शियाळी रामामृत रंगनाथन यांनी जानेवारी १९२४ मध्ये या विद्यापीठाच्या ग्रंथपालपदाची सूत्रे स्वीकारली. आरंभी त्या कामातील एकाकीपणाला कंटाळून ते प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अध्यापनाकडे परतण्याच्या विचारात होते. मात्र लंडनमधील प्रशिक्षणाने आणि तेथील ग्रंथालयांच्या निरीक्षणाने त्यांची दृष्टी पालटली. १९२५ मध्ये परतल्यावर त्यांनी ग्रंथांची कपाटे वाचकांसाठी खुली केली. त्यांच्या पुढाकाराने १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांच्या प्रशिक्षणवर्गाला आरंभ झाला. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत ग्रंथरूपाने मांडले, तर १९३३ मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली.

या घटनांचा क्रम लक्षणीय आहे. जगभर गाजलेले सिद्धांत आणि वर्गीकरण पुढे आले. कपाटे उघडणे आणि माणसे घडवणे त्याआधी झाले. ग्रंथालय ही सतत वाढत जाणारी जिवंत संस्था आहे, असे रंगनाथन मानत. परंतु ही वाढ केवळ ग्रंथसंख्येची त्यांना अभिप्रेत नव्हती. ग्रंथ, वाचक आणि कर्मचारी या तिघांनी बरोबरीने वाढावे, हा त्यामागचा आशय होता. आजच्या विस्ताराचे मोजमाप याच निकषावर करावे लागेल.

ग्रंथपालावरील जबाबदाऱ्या तर सातत्याने वाढत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर शोधप्रबंधांच्या इलेक्ट्रॉनिक प्रती जमा करण्याची पद्धत रूढ झाली. ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. २०१८ च्या वाङ्मयचौर्य प्रतिबंधक नियमांनी साम्यतपासणीला अधिकृत स्थान दिले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; त्यापुढे ४० आणि ६० टक्के अशा टप्प्यांनुसार कारवाई कडक होत जाते. अनेक संस्थांत ही तपासणी ग्रंथालयातच होते. संगणकप्रणाली केवळ शब्दांचे साम्य दाखवते. ती चोरी आहे, योग्य रीतीने दिलेले अवतरण आहे की त्या विषयातील रूढ परिभाषा, हे जाणकारालाच ठरवावे लागते. त्या निर्णयावर एखाद्याची पदवी अवलंबून असू शकते.

संशोधनपत्रिकांच्या दर्जाबाबतही असेच घडले. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या पत्रिकांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये ‘केअर’ ही व्यवस्था उभारली होती. तिच्या पत्रिका-परीक्षणाचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्रातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि मार्गदर्शक निकषांच्या आधारे पत्रिकांची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. विश्वासार्ह पत्रिका कोणती आणि फसवी कोणती, हे तरुण संशोधकाने कोणाला विचारावे? बहुतेक महाविद्यालयांत त्याचे स्वाभाविक उत्तर ग्रंथपाल हेच आहे. तेथे हे पद रिक्त असेल किंवा तात्पुरत्या नेमणुकीवर भागवले जात असेल, तर त्याची किंमत विद्यार्थ्यालाच मोजावी लागते.

वाचकही आता इमारतीत येईलच असे नाही. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमाने देशभरातील विद्यार्थी संस्थेशी जोडले. चेन्नईत पाऊलही न ठेवता शिकणारा विद्यार्थी हाही त्या संस्थेचा वाचकच आहे. अशा वाचकाला दुरूनच मार्गदर्शन देणे, हा ग्रंथालयसेवेचा नवा कस आहे.

नव्या योजनेच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतील. पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांपुरती आहे. चेन्नई आणि परिसरातील विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांत मोठ्या संख्येने विद्यार्थी शिकतात. महाराष्ट्रातील चित्रही वेगळे नाही. शिवाय, आंतरराष्ट्रीय पत्रिकांच्या वर्गणीतून भारतीय भाषांतील ज्ञानाचे जतन होत नाही. तमिळ मुद्रित साहित्याचा ठेवा सांभाळणारे चेन्नईचे रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालय किंवा मराठी हस्तलिखितांचा वारसा जपणारे तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय यांचे काम स्थानिक निष्ठेवर आणि जाणकार माणसांवर उभे आहे. जुने मोडी कागद वाचणारा जाणकार कोणत्याही वर्गणीतून मिळत नाही.

योजनेचा मंजूर कालावधी २०२७ मध्ये संपतो. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानमार्फत वापराचा वेळोवेळी आढावा घेण्याची तरतूद आहे. वापर अपुरा आढळल्यास वाचकांना गरजच नव्हती, असा निष्कर्ष काढणे सोपे जाईल. वाचकांना वाट दाखवणारे कोणी होते का, हेही त्याच आढाव्यात तपासले गेले पाहिजे. हजारो कोटींच्या वर्गणीबरोबर ग्रंथपालांची पदे भरणे आणि त्यांना नव्या कामाचे प्रशिक्षण देणे हा खर्च तुलनेने किरकोळ ठरेल. परंतु त्याविना मोठा खर्चही निष्फळ होण्याचा धोका आहे. कपाटे उघडताच शिकवलेली माणसे हवीत, हे मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालाने सुमारे शतकापूर्वी ओळखले होते. आज देशाने कपाटे उघडली आहेत. माणसे नेमणे आणि घडवणे बाकी आहे.