‘फाइंड द प्रॉडक्ट’ म्हणजे नक्की काय शोधायचं?

पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावर २०२५ मध्ये महाराष्ट्रात केवढं रान पेटलं ते तुम्ही स्टेटसवर पाहिलंच असेल. जूनअखेर सरकारने दोन्ही जीआर मागे घेतले. पण पहिलीपासून इंग्रजी तर २००० सालापासूनच आहे. ती मुलांना कळते का, हे त्या गदारोळात फारसं कुणी विचारलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरचा एक मुलगा महापालिकेच्या शाळेत सहावीला आहे. सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीत. परवा तो गणित घेऊन आला: ‘फाइंड द प्रॉडक्ट’. वाचलं एकदम झकास. अर्थासाठी वडिलांच्या फोनवर भाषांतराचं अ‍ॅप उघडलं, तर उत्तर आलं, ‘उत्पादन शोधा’. मला म्हणाला, “दादा, कुठलं उत्पादन?” आणि पाढे त्याचे तीसपर्यंत पाठ आहेत!

असं का होतं? भाषांतराचं मॉडेल शब्दाचा अर्थ आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवतं. तीन शब्दांच्या वाक्यात आजूबाजूला काही नसतंच. मग ट्रेनिंगच्या मजकुरात जो अर्थ सगळ्यात जास्त वेळा आला, तो पुढे येतो. इंटरनेटवर प्रॉडक्ट म्हणजे विकायची वस्तू. गुणाकार क्वचितच.

वाचनाच्या सरावाला गूगलचं ‘रीड अलाँग’ बरं आहे. २०१९ मध्ये ते ‘बोलो’ नावाने भारतातच सुरू झालं, आवाज फोनमध्येच तपासतं. पण मुख्य काम उच्चार ऐकण्याचं. समोरचं वाक्य त्याला आधीच माहीत असतं, तुम्ही तेच शब्द म्हणालात का एवढं ते बघतं. आमच्या पठ्ठ्याला तिथे स्टार मिळाले असते.

खरा उपाय ई-बालभारतीवर फुकट पडून आहे. बालभारतीचं गणिताचं पुस्तक मराठीतही आहे आणि इंग्रजीतही, धडे तेच. आम्ही मराठी पीडीएफ शेजारी उघडली आणि तोच धडा काढला. तिथे सरळ ‘गुणाकार’. गंमत म्हणजे भाषांतराची मॉडेल्सही अशाच जोडीच्या मजकुरावर शिकतात.

मात्र मराठीच उघडा असं मी म्हणणार नाही. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलीला उर्दू पुस्तकच कामाचं, आणि बालभारती तेही काढते.

अडचण एवढीच की फोन वडिलांचा, ते रात्री दहाला घरी येतात. त्यामुळे मला वाटतं, शिक्षकांनी धडा सुरू करताना दहा-बारा शब्दांच्या जोड्या फळ्यावर लिहिल्या तर अ‍ॅपची गरजच फार उरणार नाही. आम्ही तशी यादी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर सुरू केलीय. तिसराच शब्द ‘व्हॉल्यूम’ निघाला. त्याला तो फक्त टीव्हीच्या रिमोटवरचा माहीत होता.