विकणे आहे : एक घर, तीन पाहुणघरे

गेल्या पंधरवड्यातील एका संध्याकाळी रामबागेतील आमचे एक जुने स्नेही हातात रंगीत छायाचित्रांचे पत्रक घेऊन आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा आमचा विद्यार्थी. पुढे तो अभियंता झाला आणि आज बारा वर्षे विमाने बांधण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्समधील तुलूज शहरी सहकुटुंब राहत आहे. पत्रक त्यानेच पाठविलेले. "मास्तर," स्नेही म्हणाले, "चांगली नोकरी सोडून हा खेड्यात धर्मशाळा काढायला निघाला आहे. तुमचा शब्द तो मानतो. त्याला चार ओळी लिहा."

आम्ही चष्मा लावून पत्रक पाहिले. दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यातील, पिवळसर चुनखडी दगडाचे, अठराव्या शतकातील एक मोठे घर. सहा शयनगृहे, जुनी चूल राखलेले स्वयंपाकघर, अंगणापलीकडे गोठ्याची व धान्यकोठाराची तीन पाहुणघरे केलेली, पोहण्याचा तलाव, अक्रोडाची झाडे, दोन हेक्टर जमीन. "संपूर्ण नूतनीकरण केलेले, शांत, रमणीय." स्थळांच्या जाहिरातींत प्रत्येक मुलगी जशी गृहकृत्यदक्ष असते, तसे या जाहिरातींत प्रत्येक घर शांत आणि रमणीय असते. तेव्हा जाहिरात जे सांगत नाही, तेच वाचावयाचे.

एवढी मोठी घरे त्या खेड्यांत विकावयास मिळतात तरी कशी, असा प्रश्न वाचकांस पडेल. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांवर सैनिक पडले. लहानशा खेड्यातील स्मारकावरही एकाच आडनावाची दोन-तीन नावे कोरलेली आढळतात. उरलेल्यांची मुले दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रे आली तशी शहरांकडे गेली आणि घरांना कुलपे लागली. त्यातच वारसाचा कायदा. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने मुलगा-मुलगी हा भेद न करता सर्व अपत्यांना समान वारस ठरविले. आमच्याकडे वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. बापाने मृत्युपत्र केले तरी एक अपत्य असल्यास निम्मी, दोन असल्यास दोनतृतीयांश आणि तीन वा अधिक असल्यास तीनचतुर्थांश संपत्ती मुलांसाठी राखीव राहते. मात्र त्याच संहितेत असेही आहे, की सामाईकीत राहण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. एका भावाला वाटणी हवी, दुसऱ्याला घर घेणे परवडत नाही. मग ते विकले जाते.

अशा पडीक घरांना जीव दिला तो पाहुणघरांनी. फ्रेंचमध्ये त्यांना 'झीत' म्हणतात. मूळ धातूचा अर्थ पडून राहणे, विसावणे. शेतात ससा अंग टेकून बसतो त्या जागेलाही हाच शब्द आहे. पहिले ग्रामीण झीत १९५१ साली आल्प्सच्या डोंगराळ भागात एमिल ओबेर या सिनेट-सदस्यांच्या पुढाकाराने सुरू झाले आणि १९५५ साली अशा घरांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. कामगारांना १९३६ साली दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली होती, १९५६ साली ती तीन आठवड्यांची झाली. शहरातील साध्या कुटुंबाला परवडेल असे बिऱ्हाड मिळावे आणि शेतकऱ्याच्या पडक्या गोठ्यातून चार पैसे यावेत, अशी ती योजना. स्नेह्यांना आम्ही म्हटले, धर्मशाळा हा शब्द अगदीच चुकीचा नाही. फक्त भाडे घेतात.

पुढे परदेशी ग्राहक आले. याच नदीकाठी कास्तीयों येथे १४५३ साली इंग्रजांचा पराभव होऊन शंभर वर्षांचे युद्ध संपले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेच इंग्रज चेकबुक घेऊन परतले! आमच्या विद्यार्थ्याला घर विकणारे जोडपेही इंग्रज. पंचवीस वर्षांपूर्वी छत कोसळलेले घर घेऊन त्यांनी स्वतःच्या हातांनी ते उभे केले. आता दोघांनी सत्तरी ओलांडली आहे, गुडघे शिडी चढू देत नाहीत आणि नातवंडे इंग्लंडात. मुलांना घर नको आहे.

आता नूतनीकरणाविषयी. हाताहातभर जाडीच्या त्या भिंती दगड, माती आणि चुन्याच्या. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो; आतला ओलावा हळूहळू बाहेर पडतो. घाईच्या कारागिराने वर सिमेंटचा गिलावा चढविला, की ओल आत कोंडते आणि चार-सहा हिवाळ्यांत भिंत आतून पोखरली जाते. आमच्या माळव्यात ज्यांनी बैल जुंपलेली चुन्याची घाणी पाहिली आणि पुढे त्याच वाड्यांवर सिमेंटची ठिगळे पाहिली, त्यांना हे निराळे सांगावयास नको. एका छायाचित्रात मागची खिडकी दगडांनी बुजविलेली दिसली. फ्रान्समध्ये १७९८ पासून १९२६ पर्यंत दारेखिडक्यांवर कर होता. तो वाचविण्यासाठी लोक खिडक्या बुजवीत. आम्हांला त्या बंद खिडकीमुळे घराविषयी थोडा विश्वास वाटला. सर्वच काही गुळगुळीत केलेले नाही.

कायद्याने विक्रेत्याला बरेच काही उघड करावे लागते : शिशाचा रंग, अॅस्बेस्टॉस, त्या भागात वाळवी असल्यास ती, आणि उष्णता किती वाया जाते याची अक्षरी श्रेणी. खेड्यात सांडपाण्याची टाकी ज्याची त्याची. ती नियमांत बसत नसल्यास खरेदीनंतर एका वर्षात ग्राहकाने दुरुस्त करावयाची. तीन पाहुणघरे म्हणजे ती टाकी केवढी, हे पत्रकात नाही. खरेदीखत सरकारने नेमलेल्या नोतेरपुढे होते, आणि जुन्या घराला किमतीवर सात-आठ टक्के आणखी लागतात. त्यातील बहुतेक सरकारी कर.

त्याआधी साठेखत. सामान्यतः पाच ते दहा टक्के इसार, ज्याला आमच्या इंदुरात बयाना म्हणतात, नोतेरकडे ठेवावयाचा. साठेखताची प्रत हाती आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दहा दिवस ग्राहकाला कारण न देता माघार घेता येते. विक्रेत्याला नाही.

आमच्या विद्यार्थ्याने सही केली होती. स्नेही आले तो चौथा दिवस होता.

खरे सांगायचे, तर आम्ही त्याला परावृत्त करण्यासाठीच लेखणी उचलली. पाहुण्यांचा खरा हंगाम जुलै-ऑगस्टचा. शनिवारी सकाळी एक कुटुंब जाणार, दुपारी दुसरे येणार. मधल्या चार-पाच तासांत तिन्ही घरांच्या चादरी, न्हाणीघरे, स्वयंपाकघरे. तलावाचे पाणी रोज तपासावयाचे, दोन हेक्टरांचे गवत कापावयाचे, हिवाळ्यासाठी घनमीटरच्या मापाने लाकूड भरावयाचे. विमानाच्या कारखान्यातील रविवार येथे नाही. सूनबाईंनी याला होकार दिला आहे काय, हा आमचा पहिला प्रश्न. गिलावा चुन्याचा की सिमेंटचा, हा दुसरा. टाकीचा तपासणी-अहवाल पाहिलास काय, हा तिसरा. त्यापुढे आमची लेखणी थांबली. कारण मुलगा मूर्खपणा करीत आहे असे आम्हांला प्रामाणिकपणे म्हणता येईना. बारा वर्षे पडद्यावर आकृत्या काढणाऱ्याला भिंत हाताने लिंपावीशी वाटली, तर मास्तराने काय म्हणावे?

स्नेह्यांचे दुःख वेगळेच होते. ते हळूहळू बाहेर आले. रामबागेतील घराचा वरचा मजला त्यांनी मुलासाठी राखून ठेवला आहे. भाडेकरू ठेवलेला नाही. दर दिवाळीला रंग देतात. "तिथे भाड्याच्या घरात होता तोवर परत येईल असे वाटत होते," ते म्हणाले. "आता हे सहा खोल्यांचे घर. दोनशे वर्षांपूर्वीचे, कोणाचे कोण जाणे. मग वरचा मजला कशासाठी रंगवायचा?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सौभाग्यवतींनी चहा आणला. स्नेही बराच वेळ पत्रकातील अंगणाचे छायाचित्र न्याहाळीत होते. निघताना, पाकीट बंद करू लागलो तेव्हा म्हणाले, "थांबा, मास्तर. माझ्या नावाने एक ओळ घाला. त्या तीन पाहुणघरांपैकी एखाद्यात निजण्याची खोली आणि न्हाणीघर खालीच आहे काय, ते विचारा. हिला आता जिने चढवत नाहीत."