आधी कोणती गाडी बोलणार?

उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या अरुंद गल्ल्यांत कोपऱ्यावरचे दुकान रस्त्याला भिडलेले असते. आडव्या गल्लीतून येणारी रिक्षा दिसते ती थेट समोर आल्यावर. गाड्यांनी एकमेकींना रेडिओवरून सावध करण्याचे तंत्र अशाच जागांसाठी आहे. प्रत्येक गाडी आपली जागा, वेग आणि दिशा सेकंदाला १० वेळांपर्यंत आसपास कळवत राहते.

पण सगळ्यांना मिळून वाहिनी एकच. गाड्यांच्या या रेडिओसाठीच्या ८०२.११पी या मानकाचा नियम असा, की आधी कानोसा घ्यायचा आणि शांतता असेल तरच बोलायचे. हे रेडिओ वापरतात त्या ५.९ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना भिंती बऱ्याच अडवतात. त्यामुळे इमारतीच्या दोन बाजूंच्या गाड्यांना एकमेकींचा आवाज पोहोचत नाही आणि दोघी एकाच क्षणी बोलतात. चौकातल्या तिसऱ्या गाडीपर्यंत दोन्ही संदेश येतात, पण एकमेकांत मिसळून. पोच देण्याची सोय नसल्याने आपला इशारा वाया गेला, हे पाठवणारीला कळतही नाही. म्हणजे गरज सर्वांत जास्त तिथेच हे तंत्र सर्वांत दुबळे.

गर्दीचा हिशेबही मांडून पाहावा. ३०० बाइटचा संदेश सेकंदाला ६ मेगाबिटच्या वेगाने पाठवायला साधारण अर्धा मिलिसेकंद लागतो. सेकंदात फार तर २,००० संदेश मावतात; १०-१० संदेश पाठवणाऱ्या २०० गाड्यांतच वाहिनी भरते, तीही सगळ्या एकापाठोपाठ शिस्तीत बोलल्या तर. कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या कोंडीत रिक्षा, दुचाक्या, बस आणि अंबरनाथ एमआयडीसीचे ट्रक धरले, तर एवढी वाहने सहज जमतात.

युरोपने यावर उतारा काढला आहे. गाडी ४ मीटर सरकली, ४ अंशांनी वळली किंवा वेगात ठळक फरक पडला, तरच नवा संदेश. उभ्या गाडीने सेकंदाला एकदाच बोलायचे.

रेल्वेने दुसरी वाट धरली. रेल्वेगाड्यांची टक्कर टाळणाऱ्या 'कवच' यंत्रणेत इंजिन आणि स्टेशन यांनी रेडिओवर कधी बोलायचे, याच्या वेळा वाटून दिलेल्या असतात. ४ मार्च २०२२ रोजी सिकंदराबादजवळच्या चाचणीत या यंत्रणेने रेल्वेमंत्री बसलेले इंजिन समोरच्या इंजिनापासून ३८० मीटरवर थांबवले. रुळांवर कोण येणार हे आधी ठाऊक असते, म्हणून तिथे पाळ्या लावता येतात. रस्त्यावर ती सोय नाही.

म्हणून गाड्यांच्या या रेडिओसाठीचे आपले नियम मोकळ्या महामार्गावर बेतले जाऊ नयेत. त्यांची चाचणी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या चौकांत, संध्याकाळच्या गर्दीत, दुचाक्या आणि रिक्षांसह व्हावी. ती झाल्याशिवाय गाड्यांत ही यंत्रे सक्तीची करू नयेत.