नडगीचें दुखणें

पुण्याची मॅरेथॉन १९८३ सालची आणि मुंबईची २००४ सालची. तेव्हांपासून धांवण्याची हौस मध्यमवर्गीय घरांत चांगलीच शिरली आहे. त्यांतच पोलीस भरतीची भर. तेथें मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें. जाहिरात निघाली कीं आजवर अंगणाबाहेर न धांवलेला मुलगा पहाटे उठून रोज पांच किलोमीटर धांवूं लागतो, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत नडगी धरून बसतो. वडील माणसें म्हणतात, "तेल चोळ आणि धांव; दुखणें जिरेल." हा सल्ला प्रेमाचा खरा, पण कित्येकदां घातक ठरतो.

संस्कृतांत गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या भागास जंघा म्हणतात. मराठींत तिची जांघ होऊन ती बरीच वर चढली! अमरकोशांत अतिवेगानें जाणाऱ्यास जंघाल असें नांव आहे. धांवण्याचा भार कोठें पडतो, हें त्या शब्दांतच आलें.

धांवतांना प्रत्येक पाऊल टेकतें तेव्हां देहाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका जोर जमिनीकडून पायावर येतो. हाड म्हणजे दगड नव्हे, तें जिवंत आहे. भार वाढला कीं कांहीं पेशी जुनें हाड कोरून काढतात व दुसऱ्या पेशी त्या जागीं नवें भरतात. परंतु कोरणें सुमारें तीन आठवड्यांत उरकतें, भरण्यास तीन महिने लागतात. जुन्या वाड्याची तुळई काढलेली आहे, नवी अजून बसावयाची आहे, आणि अशा वेळीं माडीवर धान्याचीं पोतीं चढवावीं, तसा हा प्रकार होतो. १८५५ सालीं ब्राइटहाउप्ट नांवाच्या प्रशियन लष्करी वैद्यानें लांबच्या कूचेनंतर शिपायांचीं पावलें सुजतात व दुखतात, अशी नोंद केली. १८९५ मध्यें क्ष-किरणांचा शोध लागल्यावर उलगडा झाला कीं, पडल्या-झडल्यावांचून त्यांचीं हाडें मोडलेलीं असत.

नडगीच्या आंतल्या कडेनें, खालच्या बाजूस, चार-पांच बोटें लांबीवर पसरलेली ठणक असेल, आरंभीं होऊन अंग तापल्यावर निवळत असेल व मागाहून पुन्हां उठत असेल, तर तो हाडावर व त्याच्या आवरणावर पडलेला ताण होय. बहुतेकांचें दुखणें हेंच. पण "एका बोटानें दाखीव" म्हणतांच बोट नेमकें एका जागीं टेकलें, तेथें दाबल्यावर मूल कळवळलें, चालतांना किंवा रात्रीं अंथरुणांतही दुखूं लागलें, तर हाडास बारीक चीर गेल्याचा दाट संशय धरावा. ही चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत क्ष-किरणांच्या चित्रांत पुष्कळदां दिसत नाहीं, एमआरआयमध्यें दिसते. म्हणून "फोटो साफ आला" या भरंवशावर धांवत राहणें हा निव्वळ वेडेपणा आहे. नडगीच्या पुढच्या कडेस मध्यावर गेलेली चीर तर महाहट्टी. तशांत धांवत राहिल्यास हाड दुभंगूं शकतें.

तिसरा प्रकार विरळा आहे. कांहीं वेळ धांवलें कीं पाय दगडासारखा ताठतो, पावलास मुंग्या येतात, आणि थांबल्यावर थोड्या वेळानें सारें शांत होतें. यांत दोष हाडाचा नसून स्नायूंभोंवतीच्या घट्ट वेष्टनांत वाढणाऱ्या दाबाचा असतो. आणि एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर मुळींच न चोळतां त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. शिरेंत रक्ताची गुठळी असूं शकते.

डांबरी रस्त्यास आणि बुटांस सारा दोष देण्याची रीत पडली आहे. माझ्या मतें ती पळवाट आहे. सपाट तळवा, जास्त वजन, मागची दुखापत हींही कारणें आहेत, पण पहिला मान घाईचाच.

मुलींस हें दुखणें अधिक होतें, आणि त्याचें एक कारण स्वयंपाकघरांत सांपडतें. चतुर्थी, एकादशी, वर वजन उतरविण्याची हौस, आणि पहाटे नुसत्या चहावर धांवणें! श्रमाच्या मानानें अन्न कमी पडलें कीं मासिक पाळी लांबते किंवा बंद होते, व हाडें क्षीण होऊं लागतात. आईनें किंवा काकूनें ही चौकशी संकोच न धरितां करावी.

साधी ठणक असल्यास धांवणें कांहीं आठवडे बंद ठेवून सायकल किंवा पोहणें चालवावें. चालतांना दुखेनासें झाल्यावर एक दिवसाआड, धांवणें व चालणें मिसळून, पुन्हां आरंभ करावा. लांब ढांगांपेक्षां आखूड व जलद पावलें टाकल्यानें नडगीवरचा भार घटतो. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टांचा उचलण्याच्या व्यायामानें पोटरी बळकट होते. चीर असल्यास सहा ते आठ आठवडे तरी धांवणें वर्ज्य, आणि पुढील परवानगी डॉक्टरांची. भरतीस उतरणाऱ्यानें जाहिरातीची वाट न पाहतां चार-सहा महिने आधींपासून पाय हळूहळू तयार करावे.