एका सामन्याचा भारतीय, २१ वर्षांचा वैदर्भीय

नागपूरजवळच्या जामठ्यावर रविवारी, २ मार्च २०२५ रोजी, रणजी करंडकाचा अंतिम सामना अनिर्णित सुटला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने केरळला मागे टाकून तिसऱ्यांदा करंडक जिंकला. अंतिम सामन्यात १५३ आणि ७३ धावा करणारा दानिश मालेवार, मोसमात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा विक्रम मोडणारा हर्ष दुबे, ९६० धावांचा यश राठोड, कर्णधार अक्षय वाडकर, प्रशिक्षक उस्मान घनी या साऱ्यांचे कौतुक झाले आणि ते त्यांच्या हक्काचेच आहे. पहिले दोन करंडक ज्याच्या हाती आले तो कर्णधार मात्र या संघात नव्हता. फैज फजल वर्षभरापूर्वीच बॅट ठेवून बाजूला झाला. मालेवारचे वय तेव्हा २१. फैजची कारकीर्दही तेवढीच.

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदानावर जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिल्याच रणजी सामन्यात १५१ धावा करून फैजने सुरुवात केली, तो मोसम २००३-०४ चा. फेब्रुवारी २०२४ मध्ये हरयाणाविरुद्ध तो शेवटचा खेळला, तोही याच मैदानावर. मधल्या काळात १३० हून अधिक प्रथम श्रेणी सामने, नऊ हजारांवर धावा, २४ शतके. निवृत्तीची बातमी लोकांना समाजमाध्यमावरच्या त्याच्या मजकुरातून कळली. देशांतर्गत क्रिकेटची ही रीतच आहे म्हणा. त्याच सुमारास बंगालचा मनोज तिवारी, झारखंडचे सौरभ तिवारी आणि वरुण आरोन, मुंबईचा धवल कुलकर्णी यांनीही निरोप घेतला. धवलला निदान वानखेडेवरचा अंतिम सामना मिळाला आणि त्यातला शेवटचा बळीही. तो बळी विदर्भाच्या उमेश यादवचा होता. फैजच्या वाट्याला साखळीतला एक सामना आला. रिकामी बाके आणि तुरळक टाळ्या ही आपल्याकडच्या साखळी सामन्यांची नेहमीची सोबत. याच नागपुरात २००८ मध्ये सौरव गांगुली कसोटीतून निवृत्त झाला, तेव्हा धोनीने शेवटची काही षटके त्याच्याकडे कर्णधारपद सोपवले होते. निरोप देणे आपल्याला जमत नाही असे नाही. कोणाला द्यायचा, हे आपण आधी ठरवून टाकतो, एवढेच.

भारताकडून फैज एकच एकदिवसीय सामना खेळला. २०१६ च्या मार्चमध्ये इराणी सामन्यात शेष भारताने मुंबईविरुद्ध ४८० धावांचे लक्ष्य गाठले, त्यात सलामीच्या फैजच्या १२७ होत्या. या खेळीनंतर झिम्बाब्वे दौऱ्यासाठी बोलावणे आले. १५ जूनला हरारेत यजमानांचा डाव १२३ धावांत आटोपला आणि फैज के. एल. राहुलसोबत सलामीला उतरला. दहा गडी राखून विजय, राहुल नाबाद ६३, फैज नाबाद ५५. त्या वेळी तो तिशी ओलांडून गेला होता. त्यानंतर भारतीय संघात त्याचे नाव पुन्हा आले नाही. एक सामना, एक डाव, एक अर्धशतक आणि तरीही बाद न झालेला फलंदाज. आकडेवारीची ही गंमत वाचणाऱ्याला हसवते. त्याला तेव्हा काय वाटले असेल, याचा अंदाज आम्ही बांधत नाही. भारतीय सलामीच्या जागांवर तेव्हा जी मंडळी होती ती पाहता निवड समितीने अन्याय केला, असेही म्हणवत नाही.

अन्याय हा शब्द विदर्भात सहज येतो. सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा अनुशेष मोजण्यात इथल्या अनेक पिढ्या गेल्या आणि त्यातला बराचसा हिशेब खराही आहे. क्रिकेटमध्येही तीच रडकथा होती. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू नागपूरचे, जन्म १८९५ चा. पण त्यांचे नाव जोडले गेले ते होळकरांच्या इंदूरशी. होळकर संघाने रणजी चारदा जिंकली. विदर्भ १९५७-५८ पासून या स्पर्धेत खेळू लागला आणि पुढची सहा दशके मोठ्या संघांनी गुण गोळा करण्याचे ठिकाण, एवढीच त्याची ओळख राहिली. ज्याला पुढे जायचे त्याने दुसरा संघ गाठावा, हा व्यवहार सर्वमान्य होता. फैजही मध्यंतरी रेल्वेकडून खेळून आला, पण परतला आणि मग इथेच राहिला. त्याच्या कारकिर्दीत आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. विदर्भाचा फलंदाज विदर्भातच राहून भारतीय संघापर्यंत जाऊ शकतो आणि तिथून परतल्यावर पुन्हा विदर्भासाठीच नव्या चेंडूसमोर उभा राहू शकतो, हे इथल्या पोरांनी त्याच्या रूपाने पाहिले.

२०१७-१८ चा मोसम इथल्या जाणत्यांना पाठ आहे. डावखुऱ्या फैजने नऊ सामन्यांत पाच शतकांसह ९१२ धावा केल्या. पण त्या मोसमाचा कस लागला तो कोलकात्यात, कर्नाटकविरुद्धच्या उपांत्य सामन्यात. पाचव्या दिवशी सकाळी कर्नाटकला विजयासाठी ८७ धावा हव्या होत्या आणि तीनच गडी हाती होते. सामना खिशात, असे वाटावे अशी ती स्थिती. मग विनय कुमार खेळला, मिथुन खेळला, श्रेयस गोपाळ एका टोकाला चिकटून राहिला आणि अंतर एकेका धावेने कमी होत गेले. आधीचा विदर्भ इथे गडबडला असता. या वेळी इंजिनीअर असलेला रजनीश गुरबाणी मारा करत राहिला, उरलेले तिन्ही बळी त्यानेच घेतले आणि विदर्भाने पाच धावांनी सामना जिंकला. गोलंदाजाचे श्रेय गोलंदाजाला. पण त्या तासाभरात एकाच गोलंदाजावर विसंबून राहायला आणि क्षेत्ररक्षण हातघाईवर येऊ न द्यायला मैदानात एक थंड डोके लागते. अंतिम सामना इंदूरला झाला, होळकरांच्याच नावाच्या स्टेडियमवर. गुरबाणीची हॅटट्रिक, वाडकरच्या १३३ आणि १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीवर नऊ गडी राखून विजय. नायडू ज्या गावी जाऊन मोठे झाले, त्या गावी विदर्भाचे खाते उघडले.

एकदाचे यश योगायोग म्हणून बाजूला सारता येते आणि तसे म्हणणारे मुंबई-दिल्लीत होतेच. पुढच्या वर्षी जामठ्यावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून फैजच्याच संघाने त्यांची तोंडे बंद केली. ऑस्ट्रेलियात ५२१ धावा करून नुकताच परतलेला चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत मिळून एक धाव करू शकला. दोन्ही वेळा गोलंदाज होता आदित्य सरवटे. दोन्ही वर्षी इराणी करंडकही आला. २०१९ च्या इराणीचे बक्षीस पुलवामातील शहीद जवानांच्या कुटुंबांना देण्याचे फैजने जाहीर केले. पाहुण्या खेळाडूंच्या जोरावरचे हे यश, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि करुण नायरच्या २०२५ च्या अंतिम सामन्यातल्या शतकामुळे तो आजही घेतला जाईल. वसीम जाफर आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचे ऋण विदर्भाने कधी नाकारलेले नाही. मात्र कोणीही अनुभवी माणूस आणून बसवला म्हणजे संघ उभा राहतो असे नाही. आलेल्या मोठ्या माणसाला आपल्यात सामावून घेणारे घर आधी असावे लागते. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून १४५ धावा करणारा ध्रुव शोरी पुढे विदर्भाकडून खेळू लागला. पूर्वी वाहतूक उलट दिशेने असे.

आता पैशांबद्दल. ४० हून अधिक सामने खेळलेल्या रणजीपटूला अंतिम अकरात असल्यास दिवसाला ६० हजार रुपये मिळतात. साखळीतले सात सामने चार दिवसांचे. सगळे खेळला तर हिशेब सतरा लाखांच्या आत. आयपीएलच्या लिलावातली किमान बोली ३० लाख आहे. जो दुखापतीने बाहेर बसला वा संघातून वगळला गेला, त्याला वर्षभराच्या कराराचा आधार नसतो. निवृत्तिवेतनाचा प्रकार तर आणखी अजब. बीसीसीआयने २०२२ मध्ये माजी खेळाडूंचे वेतन वाढवले, १५ हजारांचे ३० हजार केले, हे चांगलेच झाले. पण प्रथम श्रेणी खेळाडूंसाठीची ही योजना २००३ च्या सुमारासपर्यंत निवृत्त झालेल्यांपुरती आहे. म्हणजे फैजने जम्मू-काश्मीरविरुद्ध गार्ड घेतला, तेव्हाच त्याच्या पिढीसाठी हे दार लागले होते. नंतरच्या खेळाडूंना मानधन बरे मिळते, हा त्यावरचा युक्तिवाद. आयपीएलवाल्यांच्या बाबतीत तो पटतो. आयपीएल न खेळता दहा मोसम रणजीत घाम गाळून तिशीत बाहेर पडणाऱ्या आणि तोवर शिक्षणही अर्धवट सुटलेल्या खेळाडूला तो कोणत्या तोंडाने ऐकवायचा?

विदर्भ क्रिकेट असोसिएशनला यासाठी मुंबईच्या मुख्यालयाकडे डोळे लावून बसण्याची गरज नाही. शशांक मनोहरांसारखा माणूस बीसीसीआय आणि आयसीसीच्या सर्वोच्च पदावर बसवणारी ही संस्था आहे; तिला नियम आणि वाटा ठाऊक आहेत. रणजी संघातील खेळाडूंना वर्षाचा करार, ठरावीक सामने खेळून निवृत्त होणाऱ्याला एकरकमी निधी आणि शेवटचा सामना आधी जाहीर करून तो गावच्या लोकांना पाहू देण्याची साधी व्यवस्था, ही तीन कामे असोसिएशनला स्वतःच्या अखत्यारीत सुरू करता येतील. विजेत्या संघाला बक्षीस जाहीर करताना जो उत्साह दिसतो, त्याच उत्साहात पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा ठराव यावा. वाडकरने तिशी ओलांडली आहे, सरवटे २०२४-२५ च्या मोसमात केरळकडे गेला आणि उमेश यादवही फार काळ खेळणार नाही.