व्यायामाची मालकी

एखाद्या व्यायामाचा मालक कोण, हा प्रश्न वरकरणी हास्यास्पद वाटेल. तथापि अमेरिकेतील न्यायालयांना त्याचा गांभीर्याने विचार करावा लागला आहे. त्याचे एक निमित्त ठरली ती ‘पिलाटेस’ ही व्यायामपद्धती. आज आपल्या मोठ्या शहरांतही ती भारी शुल्क घेऊन शिकविली जाते. म्हणून तिचा पूर्वेतिहास ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

जोसेफ पिलाटेस यांचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. बालपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून ते ब्रिटनमध्ये स्थानबद्ध होते. तेथे सहबंद्यांना शिकविता शिकविता त्यांची पद्धती आकारास आली. १९२६ साली ते न्यूयॉर्कला गेले. तेथील त्यांच्या व्यायामशाळेचा लौकिक प्रथम नर्तकवर्गात पसरला. आपल्या पद्धतीस ते ‘कॉन्ट्रॉलॉजी’, म्हणजे नियंत्रणाचे शास्त्र, म्हणत. श्वासाची लय, पोट व पाठ यांच्या स्नायूंवरील ताबा आणि मोजक्या पण अचूक हालचाली हे तिचे सार होय. घाम गाळण्यापेक्षा अवधानास येथे अधिक मोल आहे. त्यांनी स्प्रिंगांची उपकरणे बनविली हे खरे. परंतु १९४५ च्या पुस्तकात दिलेले ३४ व्यायाम केवळ सतरंजीवर करावयाचे होते.

१९६७ साली पिलाटेस निवर्तले. पुढे त्यांच्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला जाऊ लागला. २००० साली न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने तो फेटाळला. ‘पिलाटेस’ हे एका व्यायामपद्धतीचे सर्वसामान्य नाव आहे, असा तो निर्णय होता. २०१५ साली विक्रम चौधरी यांच्या २६ आसनांच्या क्रमावरील स्वामित्वहक्काचा दावाही अपील न्यायालयाने अमान्य केला. आरोग्यासाठी योजिलेली पद्धती ही कल्पना आहे. तिच्यावर कोणाची मक्तेदारी असू शकत नाही, हा त्यामागील विचार.

मात्र न्यायालयाने मोकळे केलेले बाजार पुन्हा कुंपणात घालतो. हालचाल विकता येत नाही, म्हणून यंत्र, पोशाख आणि वातानुकूलित दालन विकले जाते. परिणामी यंत्रावाचून हा व्यायामच नव्हे, असा समज दृढ होतो. आणि दिवसभर खुर्चीवर बसून पाठ दुखविणारा कारकून किंवा तासन्‌तास उभा राहणारा शिक्षक तो आपल्यासाठी नाही असे मानून गप्प बसतो. खरे नुकसान हे आहे.

पिलाटेसच्या गुणांचा अतिरेकही नको. कंबरदुखीविषयीच्या संशोधनाचा २०१५ साली जो साकल्याने आढावा घेण्यात आला, त्यात काहीच उपचार न करण्यापेक्षा ही पद्धती बरी ठरली. इतर व्यायामांहून ती श्रेष्ठ असल्याचा निर्णायक पुरावा मात्र आढळला नाही. सामान्य माणसाला हा निष्कर्ष दिलासाच देतो. महागडे तेच गुणकारी, असे नाही.

नवशिक्याला, विशेषतः दुखणाईताला, जाणत्या शिक्षकाची गरज असते. त्या कौशल्याचे मोल देणे न्याय्यच होय. तो शिक्षक शाळा-महाविद्यालयांच्या आणि कचेऱ्यांच्या रिकाम्या सभागृहांत आठवड्यातून दोनदा जरी आला, तरी अनेकांची सोय होईल. सतरंजी घरोघरी आहे. उणीव आहे ती शिकविणाऱ्याची आणि अर्ध्या तासाच्या सवडीची. आणि ती भरून काढणे संस्थांच्या हाती आहे.